डॉक्टर मॅडम, तुम्ही ते इंजेक्शन दिलं नाहीत म्हणून

डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

बाबांच्या पायाच्या तळव्याची मधुमेहातली जखम भरून आता वर्ष होत आलं. आभार मानायचे तेव्हा राहून गेले, कारण खरं सांगायचं तर मी तुमच्यावर चिडलो होतो. मी मोठ्या आशेनं स्टेम सेल इंजेक्शनाचं माहितीपत्रक घेऊन आलो होतो. तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलंत आणि विचारलंत, "ही नोंदणी झालेली चाचणी आहे का? पेशी कुणाच्या? कुठून काढलेल्या?" एकाचंही उत्तर त्यात नव्हतं. फीचा आकडा मात्र ठळक होता.

बाहेर रांग होती. तरी तुम्ही केसपेपर उलटा करून चित्र काढायला बसलात. माझ्या डोक्यात स्टेम सेल म्हणजे बी. जखमेत पेरलं की कातडी उगवणार. तुम्ही म्हणालात, बी नाही, गवंडीही नाही, मुकादम समजा. अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेतून घेतलेल्या या पेशी जखमेत टोचल्या की बहुतेक थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. पण जाण्याआधी वाढीचे घटक सोडतात, एक्सोसोम नावाच्या इवल्याशा पिशव्या सोडतात. त्यातून नव्या रक्तवाहिन्यांना फुटायचा निरोप जातो आणि भडकलेला दाह निवतो. मधुमेहात घोडं अडतं ते नेमकं इथंच. साफसफाईला आलेल्या मॅक्रोफेज पेशी भांडणाच्याच पवित्र्यात राहतात, दुरुस्तीची पाळी येतच नाही. ज्या शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये या पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केलं, त्यांनीच २०१७ मध्ये ते बदला म्हणून लिहिलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. बारसं करणाऱ्यानंच नाव मागे घ्यायचं म्हणजे कमालच!

"मग या पेशींनी प्रयोगातल्या उंदरांच्या जखमा कशा भरल्या?" मी हट्टानं विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "बाबांच्या तळव्याची कातडी चिमटीत धरून दाखवा." धरता येईना. उंदराची कातडी सैल असते, तिच्याखाली पातळ स्नायूचा थर असतो, त्यामुळे त्याची जखम बटव्याच्या तोंडासारखी आवळली जाते. माणसाच्या तळव्यावर कडेच्या पेशींना सरकत सरकत मधली जागा भरावी लागते. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत उंदराच्या जखमेभोवती कडं शिवतात, ती आवळू नये म्हणून. त्या एका चिमटीनं माझा निम्मा हट्ट गेला.

उरलेला निम्मा त्या १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या दोऱ्यानं घालवला. तुम्ही तो अंगठ्याखाली टेकवलात, वाकेपर्यंत दाबलात, आणि बाबा विचारत होते, "सुरू केलंत का?" दुखत नाही म्हणून ते महिनोन्‌महिने त्याच जखमेवर चालत होते. तिथं मुकादम बिचारा काय करणार?

पायाला रक्त नीट पोचतंय ना हे आधी तपासलंत, मेलेलं मांस खरवडून काढलंत, आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर. बाबांनी त्या प्लास्टरला काय काय नावं ठेवली ते इथं लिहिण्यासारखं नाही. आठवड्याला बदलायला यायचं, पुन्हा कुरकुर. जखम मात्र दर खेपेला लहान.

तुम्ही संशोधनाला मोडीत काढलं नाहीत, हे मला विशेष वाटतं. आजवरच्या बऱ्याच चाचण्या लहान आहेत, पण आशा आहे, असंच म्हणालात. आणि योग्य चाचणी निघाली तर चिठ्ठी मी स्वतः देईन, असंही.

भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, असं तुम्ही बजावलं होतं. त्यामुळे बाबा रोज रात्री आरसा खाली धरून तळवा बघतात, आणि मग मलाही बघायला लावतात.

तो उलटा केसपेपर मी जपून ठेवलाय. तुमच्या मुकादमाच्या डोक्यावर टोपी आहे, हे माझ्या परवा लक्षात आलं.

आपला,
त्या दिवशी निरोप न घेताच निघून गेलेला मुलगा