चरित्रपटांच्या खरेपणाविषयी सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

चरित्रपटांत इतिहासाची मोडतोड होते, म्हणून त्यांना वस्तुस्थितीचे बंधन घालावे, ही मागणी आपल्याही कानांवर आली असेल. ती मान्य केल्यास पहिला फटका भलत्याच चित्रपटाला बसेल, अशी मला भीती वाटते.

‘रॉकेटमॅन’ (२०१९) या चित्रपटात ब्रिटिश गायक एल्टन जॉन १९७० साली लॉस एंजेलिसच्या ट्रूबडूर क्लबमध्ये ‘क्रोकोडाइल रॉक’ गातो आणि गाता गाता अधांतरी उचलला जातो; पाठोपाठ श्रोत्यांचेही पाय जमिनीवरून सुटतात. हे गाणे प्रत्यक्षात आले १९७२ मध्ये. तपासनिसाच्या वहीत येथे दोन चुका नोंदल्या जातील, पण माणसे तरंगू लागल्यावर आपण एका कलावंताच्या मनात शिरलो आहोत, हे कोणालाही उमगते. त्यामुळे फसवणूक कोणाचीच होत नाही.

याउलट ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने (२०१८) १३ जुलै १९८५ चा ‘लाइव्ह एड’ हा मदतनिधीसाठीचा संगीत कार्यक्रम पियानोवरच्या पेल्यांसह हुबेहूब उभा केला. त्या काटेकोरपणावर भिस्त ठेवून प्रेक्षक हेही खरे मानतो, की क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे वादक कित्येक वर्षांच्या दुराव्यानंतर तेथे एकत्र आले. वास्तविक त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत ते एकत्र दौऱ्यावर होते! समेटाचा प्रसंग रंगतो खरा, पण बदल केल्याची खूण चित्रपटात कोठेच सापडत नाही.

सरसकट सूचनेनेही हे साधत नाही. २०२० मध्ये ब्रिटनचे तत्कालीन सांस्कृतिक मंत्री ऑलिव्हर डाउडेन यांनी ब्रिटिश राजघराण्यावरील ‘द क्राउन’ ही मालिका काल्पनिक असल्याची सूचना द्यावी, असे नेटफ्लिक्सला सुचवले होते. कंपनीने ते मानले नाही. मंत्र्यांची काळजी रास्त असली, तरी ‘काही प्रसंग काल्पनिक आहेत’ या वाक्यातून नेमके कोणते, हे कळत नाही, आणि निर्मात्याला मात्र सगळेच माफ होते.

तेव्हा पटकथा तपासणारी समिती नेमू नये. शासकीय अनुदान घेणाऱ्या चरित्रपटांना एवढीच अट असावी, की बदललेला घटनाक्रम आणि दोघातिघांची मिळून केलेली पात्रे यांची नोंद अखेरच्या श्रेयनामावलीत चार ओळींत द्यावी. स्वप्नदृश्ये, रंगसंगती, संवादांची भाषा आणि गाण्यांची जागा यांचा जाब त्यात मागू नये. बदनामीच्या तक्रारींसाठी न्यायालये आहेतच.

आपला नम्र,
एक चित्रपट अभ्यासक