सशाला खूर

कराड, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तुझं अर्धं लक्ष तबेल्यात असतं. मी काही सांगायला लागलो की मध्येच ‘अरे धर त्याला, धर!’ असं कुणावर तरी खेकसतोस. शिवाय हे प्रकरण दोन मिनिटांत उरकणारं नाही. तेव्हा कागदच घेतला. चहा ठेव आणि निवांत वाच.

परवा संध्याकाळी दवाखान्याचं शटर ओढत होतो, तेवढ्यात एक शाळकरी पोरगी वडिलांबरोबर ससा घेऊन आली. पांढराशुभ्र, न्यूझीलंड जातीचा, लाल डोळे, नाव कापूस. चार दिवस चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. ओठ उचलून बघतो तर खालचे पटाशीचे दात नाकाकडे वळलेले आणि वरचा एक उभा चिरलेला. आधी कुणीतरी नेलकटरने कापून दिले होते म्हणे. कोणी कापले ते मी विचारलं नाही. उगाच माझा रक्तदाब वाढला असता. भूल देऊन बरने, म्हणजे दात घासायच्या फिरत्या हत्याराने, दात घासले, समतल केले. चिरलेल्याचं काय होतंय ते बघायचं आहे. सशाचा दात आठवड्याला दोन-अडीच मिलिमीटर वाढतो, त्यामुळे निदान आशा तरी ठेवता येते.

तर त्या वडिलांना दात असे का वाढतात ते समजावून सांगायला मी रात्री सशाच्या कवटीची चित्रं शोधत बसलो. त्यात एक मिळालं. बसकं डोकं, मोठाल्या डोळ्यांच्या खोबणी, पुढे पटाशीचे दात, मग मोकळी हिरडी, मग दाढांची रांग. सवयीने दात मोजले आणि मला वाटलं, छापणाऱ्याने वरचा जबडा खाली लावलाय.

तुला आठवतं ना, सशाला वर पटाशीचे चार असतात. दोन मोठे आणि त्यांच्या पाठीमागे खुंटीसारखे दोन बारके. खाली फक्त दोन. तोंडी परीक्षेत तू नेमका याच प्रश्नाला ‘वर दोन, खाली चार’ म्हणाला होतास आणि सरांनी तुला बाहेर घालवला होता. तर या चित्रात वर दोन आणि खाली चार होते! तुझं उत्तर बरोबर ठरवणारा प्राणी दक्षिण अमेरिकेत एक कोटी साठ लाख वर्षांपूर्वी हिंडत होता. सरांना कळवायला हवं होतं.

प्राण्याचं नाव पॅकिरुखोस. अर्जेंटिनाचा जीवाश्म अभ्यासक फ्लोरेन्टिनो आमेगिनो याने १८८५ साली ठेवलेलं. अर्थ ‘जाड तोंडाचा’. दिसायला थेट ससा, पण सशाशी नातं काडीचं नाही. हा खूरवाल्यांच्या कुळातला. आपल्याकडे नसलेल्या गोष्टीला सशाचं शिंग म्हणतात. खुराबद्दल कुणी काही बोललं नव्हतं, ती फट राहून गेली होती. आता खूर म्हटल्यावर तुझ्या घोड्याचा नाल ठोकलेला खूर डोळ्यासमोर आणू नकोस. एका बोटावर उभं राहण्याचा नाद घोड्याच्या कुळाने केला. याला बोटं बरीच होती आणि त्यांच्या टोकांना खूर आणि नखं यांच्या मधलं काहीतरी.

आता तुझ्या कामाचं. हा नातेवाईक माझा नाही, तुझा आहे.

दक्षिण अमेरिका कोट्यवधी वर्षं बेटासारखी एकटी होती. तिथे खूरवाल्या प्राण्यांची स्वतंत्रच दुनिया तयार झाली. त्यातल्या सगळ्यात मोठ्या गोतावळ्याला सांतियागो रोथने १९०३ मध्ये नोटोअंगुलेट, म्हणजे दक्षिणेकडचे खूरवाले, असं नाव दिलं. त्यात गेंड्याएवढे होते आणि हा सशाएवढाही होता. गेंड्याएवढा म्हणजे टॉक्सोडॉन. त्याची कवटी डार्विनने १८३३ साली उरुग्वेतल्या एका वाडीवर अठरा पेन्सला विकत घेतली. ती सापडली तेव्हा अख्खी होती म्हणे, पण वाडीवरच्या पोरांनी ती उभी करून तिच्यावर दगडांचा नेम धरला आणि दात पाडले. त्याआधीच डार्विनला तिथून १८० मैलांवर, रिओ तेर्सेरो नदीच्या काठी एक सुटा दात मिळाला होता आणि तो या कवटीच्या खाचेत चपखल बसला. नेलकटरवाल्याची करामत मला परवा बघायला मिळाली, दगडवाल्यांची डार्विनला. दातांचं नशीब सगळीकडे सारखंच.

या गोतावळ्याचं घराणं कुठलं, यावर शे-दीडशे वर्षं वाद चालला. कुणी हत्तीकडे नेई, कुणी आणखी कुठे. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ ओवेनने तर टॉक्सोडॉनचं वर्णन करताना उंदीर, गेंडा, देवमासा सगळ्यांची आठवण काढली. २०१५ मध्ये टॉक्सोडॉनच्या हाडांत शिल्लक राहिलेलं कोलॅजन हे प्रथिन तपासलं आणि उत्तर निघालं: घोडा, गेंडा, टॅपिर यांचे हे चुलते. पॅकिरुखोसच्या हाडांत इतक्या काळाने प्रथिनं कुठून मिळणार, पण टॉक्सोडॉन आणि तो एकाच गोतातले, म्हणजे टॉक्सोडॉनची सोयरीक तीच त्याची. डायनासोर संपले त्या सुमाराला कधीतरी भाऊबंदकी होऊन वाटण्या झाल्या असाव्यात. एक शाखा तुझ्या रेसच्या मैदानावर पोचली आणि दुसरी झुडपाखाली कान टवकारून बसली.

दाढा बघितल्यास तर तुला पटेल, आणि हेवाही वाटेल. तुझ्या घोड्याच्या दाढेची बरीच लांबी जबड्यात दडलेली असते आणि वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येते. म्हणजे बँकेतली ठेव. काढत काढत म्हातारपणी संपते आणि मग तू भिजवलेला कोंडा चारत बसतोस. याच्याकडे ठेव नव्हती, पगार होता. पटाशीचे असोत की दाढा, सगळ्यांची मुळं उघडी, मरेपर्यंत वाढणारी. सशासारखीच. घोड्याच्या भावकीत जन्मून यानं सशाचं तोंड कमावलं, आणि तेही सशाला न विचारता, कारण त्या खंडात तेव्हा ससा नव्हताच.

एवढं खरखरीत काय खात होता, तर पाला, गवत, कठीण कवचाची फळं, आणि त्या सगळ्यावर बसलेली राख. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडे, पॅटागोनियात, सांताक्रूझ म्हणून प्रांत आहे, तिथल्या खडकांत यांचे सांगाडे मिळतात. तेव्हा अँडीज पर्वत आजच्याएवढा उंच झाला नव्हता, हवा उबदार, थोडं रान, थोडं गवताळ. पण पश्चिमेचे ज्वालामुखी अधूनमधून राख ओकायचे. लहानपणी भित्र्या सशाची गोष्ट ऐकताना आपण हसायचो. पाठीवर पान पडलं आणि म्हणे आभाळ पडलं, पळा पळा! या बिचाऱ्यावर आभाळ खरोखर पडत होतं. त्याच राखेत हाडं टिकली म्हणून आज मी हे लिहू शकतोय.

वजन साधारण दोन किलो, लांबी फूटभर. कापूस त्याच्यापेक्षा जड भरेल, तो खातो पण तसाच. मागचे पाय लांब, नडगीचं हाड आणि शेजारचं बारकं हाड जुळून एक झालेलं. सशातही तसंच असतं. म्हणून पूर्वीचे लोक त्याला सरळ उड्या मारायला लावायचे. अलीकडे हाडांची मोजमापं घेणारे म्हणतात, तो धावतही असेल, उकरतही असेल. मला हे जास्त पटतं. निव्वळ उड्या मारणारा प्राणी चित्रकाराला आवडतो, जगायला मात्र चार गोष्टी याव्या लागतात. लांब कानही चित्रकाराचेच; कानाची पाळी दगडात राहत नाही. पण आतला कान बघ! कवटीच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे हाडाचे पोकळ फुगे आहेत, कानाच्या पोकळीत आणखी एक खोली काढावी तसे. वाळवंटातल्या काही उंदरांना असे फुगे असतात आणि त्यांना खालच्या पट्टीतले दबके आवाज फार छान ऐकू येतात. डोळ्यांच्या खोबणी मोठ्या, म्हणजे बहुधा रात्रीचा चरणारा.

आपण तुझ्या मामांच्या माळावर बॅटरी घेऊन गेलो होतो ते आठवतं का? आधी फक्त दोन लाल ठिपके दिसले, ससा दिसलाच नाही. मामा म्हणाले, हलू नका, त्याने आपल्याला मघाशीच ऐकलंय.

पॅकिरुखोसला ऐकायला पुष्कळ होतं. मांजर, कुत्रा, लांडगा यांच्यापैकी त्या खंडात कुणीच नव्हतं. त्यांच्या जागी कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांच्या नात्यातले शिकारी होते आणि उडता न येणारे, माणसाहून उंच पक्षी. त्यातल्या फोरुस्राकोसचा जबडा आमेगिनोला १८८७ मध्ये मिळाला तेव्हा तो त्याला बिनदाताच्या सस्तन प्राण्याचा वाटला होता. चोच आहे हे मागाहून कळलं. एवढी मोठी चोच असू शकते हे कुणाच्या डोक्यात येणार?

हे आमेगिनो बंधूही मजेशीर. धाकटा कार्लोस पॅटागोनियात वाऱ्यात, थंडीत हाडं गोळा करत हिंडायचा आणि थोरला फ्लोरेन्टिनो पुस्तकं आणि वह्या-कागदांचं दुकान चालवत त्यांची वर्णनं लिहायचा. ब्यूनोस आयर्समधल्या त्याच्या दुकानाचं नाव एका नामशेष प्राण्यावरून ‘एल ग्लिप्टोडॉन’. १८८७ मध्ये कार्लोसने सांताक्रूझहून पेट्या आणल्या आणि थोरल्याने त्याच वर्षी शंभरावर नव्या जाती जाहीर केल्या. त्याला सगळीच हाडं होती त्याहून जुनी वाटायची आणि त्यावरून त्याने नको ते निष्कर्षही काढले. पण दात बघण्याची नजर पक्की.

तिथल्या किनाऱ्यावर काही जीवाश्म भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आहेत. ओहोटी लागली की खडक उघडा पडतो, तेवढ्या वेळात वाकून शोधायचं आणि पाणी फिरलं की पळायचं. आपण दापोलीला कालवं काढणाऱ्या बायका बघत बसलो होतो, अगदी तसंच. फक्त घमेल्यात कालवांऐवजी कवटी.

पॅकिरुखोस पुढे नामशेष झाला. हवा गार आणि कोरडी होत गेली तसे त्याचे नातलग उत्तरेला ‘पंपा’ नावाच्या गवताळ मैदानांत राहिले. त्यातला पेडोथेरियम तर हिमयुग सुरू होईपर्यंत टिकला. अटलांटिकच्या कडेला चापादमलालच्या कड्यांमध्ये जुनी बुजलेली बिळं दिसतात, त्यातली काही त्याची मानतात. मग तेही संपलं. आज पॅटागोनियात त्या जागेवर ‘मारा’ नावाचा प्राणी आहे. लांब पायांचा, सशासारखा दिसणारा, पण गिनीपिगचा भाऊबंद. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातून खराखुरा रानससा नेऊन सोडला, तोही आता तिथे माजलाय. खोली एकच, भाडेकरू तीन, आणि खरा ससा सगळ्यात शेवटी आला.

आता काम सांगतो. तुझ्याकडे त्या म्हाताऱ्या घोडीची दाढ होती ना, टेबलावर कागद दाबायला ठेवलेली? दिवाळीला येशील तेव्हा ती घेऊन ये. दवाखान्यात सशाची कवटी मांडली आहे, शेजारी ती ठेवायची आहे आणि मधे पॅकिरुखोसचं चित्र. ते वडील पुन्हा येणार आहेत, त्यांना दाखवेन. दाढ परत मिळेल याची खात्री मात्र देत नाही.

वहिनींना नमस्कार सांग. कापसाने आज सकाळी मेथीची दोन पानं खाल्ली, तिसरं नुसतं हुंगून ठेवलं.

तुझा,
दिग्या