संशोधकांना टिकू द्या, एकत्र टिकू द्या: वैद्यकीय संशोधन मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय संशोधन मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी वैद्यकीय संशोधनात काम करते. माझं मागणं एकच आहे. प्रकल्पाला पैसे मंजूर करताना तो प्रकल्प उभा करणाऱ्या सगळ्या माणसांना एकत्र टिकून राहता येईल, इतकी मुदत द्या.

तीन वर्षांच्या अनुदानाचं काय होतं, ते आमच्यातला कुणीही सांगेल. एथिक्स कमिटीची परवानगी, यंत्रखरेदी आणि भरती यातच पहिलं वर्ष सरतं. दुसऱ्या वर्षी कुठे कामाची घडी बसते. तिसरं वर्ष उजाडलं की प्रमुख संशोधक पुढच्या अनुदानाच्या अर्जाला लागतात आणि कंत्राटावरचे सहकारी दुसरीकडे नोकरी शोधू लागतात. ज्यांच्या हातात कौशल्य आलं, तेच आधी जातात.

पेनिसिलिनचं उदाहरण घ्या. 1928 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीचा जंतू मारण्याचा गुण दिसला, हे शाळेतली मुलंही सांगतात. पण त्या बुरशीच्या रसातून औषध वेगळं काढणं त्यांना जमलं नाही आणि जवळपास दहा वर्षं विषय मागे पडला. मग ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांनी तो हाती घेतला. त्यांच्यासोबत नॉर्मन हीटली नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. पेनिसिलिन शुद्ध करताना नासून जात असे. हीटलींनी सुचवलं की आम्ल करून ईथर या द्रावकात उतरवलेलं पेनिसिलिन पुन्हा किंचित अल्कधर्मी पाण्यात परत आणावं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुढचं सगळं काम या एका युक्तीवर उभं राहिलं. युद्धामुळे भांड्यांची टंचाई होती, तेव्हा बुरशी वाढवायला त्यांनी रुग्णालयातली बेडपॅन वापरली आणि नंतर त्याच आकारावरून चिनी मातीची भांडी बनवून घेतली. ती भांडी सांभाळायला तरुण मुलींची एक तुकडी नेमली होती. फेब्रुवारी 1941 मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या आजारी पोलिसाला उपचार म्हणून पहिले डोस दिले गेले. ताप उतरला, ते जेवू लागले. साठा इतका तुटपुंजा की त्यांच्या लघवीतून औषध पुन्हा काढून त्यांनाच टोचलं जात होतं. तरीही औषध संपलं आणि मार्चमध्ये ते गेले. त्या धक्क्यानंतरही तो चमू विखुरला नाही. अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशन या संस्थेने त्यांना पाच वर्षांसाठी मदत मंजूर केली होती, ही गोष्ट आपल्या खात्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी, असं मला फार वाटतं.

1945 चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटलींना ऑक्सफर्डने मानद डॉक्टरेट दिली ती 1990 मध्ये.

श्रेय कुणाला मिळतं, ही दुसरी बाजूही आपल्याच अखत्यारीत येते. आमच्याकडे बढतीच्या मुलाखतीत हमखास प्रश्न येतो, ‘पहिलं नाव तुमचं आहे असे पेपर किती?’ ज्याने दुसऱ्याच्या प्रयोगातली अडचण सोडवली, ज्याने संख्याशास्त्राची चूक वेळीच पकडली, त्याच्या रकान्यात काहीच भरलं जात नाही. मग तरुण संशोधक हिशेब करतो आणि दुसऱ्याच्या टेबलापाशी जाणं बंद करतो. त्याला दोष कसा द्यायचा?

जीवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांना 1995 मध्ये पेन्सिल्वेनिया विद्यापीठात खालच्या पदावर आणलं गेलं, कारण एमआरएनएवरच्या (पेशीला कोणतं प्रथिन बनवायचं ते सांगणाऱ्या आरएनए रेणूवरच्या) त्यांच्या कामाला अनुदान मिळत नव्हतं. त्या तिथेच राहिल्या. 1997 मध्ये फोटोकॉपी यंत्रापाशी त्यांची ड्रू वाइसमन यांच्याशी गाठ पडली. एकीला आरएनए बनवण्याची हातोटी होती, दुसरा रोगप्रतिकारशक्तीचा जाणकार. बाहेरून दिलेल्या आरएनएमुळे शरीरात दाह का होतो आणि त्यातला एक घटक बदलला तर तो कसा टळतो, हे त्यांनी 2005 मध्ये दाखवलं. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. या शोधावर उभी राहिलेली कोरोनाची लस 2020 मध्ये आली, दोघांना नोबेल 2023 मध्ये. हे वाचून ‘खरी जिद्द असेल तर माणूस टिकतोच’ असं म्हणणारे भेटतात आणि मला त्यांचा राग येतो. त्या टिकल्या म्हणून आपल्याला त्यांचं नाव ठाऊक आहे. त्याच काळात जे कंटाळून निघून गेले, त्यांच्यासोबत काय गेलं ते कुणालाच कळणार नाही.

रुग्णांवरच्या अभ्यासात हे नुकसान समोर दिसतं. दीर्घ पाठपुराव्याच्या अभ्यासाचा कणा असते ती संशोधन परिचारिका. कोणता रुग्ण सकाळी फोन उचलत नाही, कुणाच्या मुलीला विचारावं लागतं, रक्त द्यायला कोण घाबरतं, हे सगळं तिला पाठ असतं. तिचं कंत्राट संपलं की वही नव्या माणसाच्या हाती जाते आणि पुढच्या तपासणीला रुग्ण यायचे थांबतात. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधले नमुने जसेच्या तसे राहतात, पण ज्यांचे ते आहेत त्या माणसांचं पुढे काय झालं हेच नोंदवलेलं नसेल तर त्या नमुन्यांचा उपयोग तो किती!

म्हणून विनंती अशी. अनुदान पाच ते सात वर्षांचं करा आणि मध्यावर कडक आढावा घ्या, त्याला आमची ना नाही. एक अनुदान संपून दुसरं मिळेपर्यंत तंत्रज्ञ, परिचारिका आणि संख्याशास्त्रज्ञ यांचे पगार चालू राहतील एवढा निधी खात्याने वेगळा ठेवावा. बढतीच्या अर्जात दुसऱ्यांच्या कामात केलेल्या मदतीसाठी जागा हवी आणि ती भरलेली असेल तर तिला गुणही हवेत. फसलेल्या प्रयोगांचे निकाल जाहीर करणाऱ्यांना पुढच्या अर्जात त्याचा तोटा होऊ नये, हेही पाहा. नाहीतर तीच वाट दुसरी प्रयोगशाळा पुन्हा तुडवत बसते.

या नियमांचा मसुदा कराल तेव्हा बैठकीला संचालक आणि विभागप्रमुख असतीलच. त्यांच्यासोबत एका प्रयोगशाळा तंत्रज्ञाला आणि एका संशोधन परिचारिकेलाही बोलवा आणि आधी त्यांचं म्हणणं ऐका.

आपली विश्वासू,
एक वैद्यकीय संशोधक