एका स्लॅशसाठी, ताई

ताई,

ऑफिसात तुम्हाला सगळे मॅडम म्हणतात. पण परवा रात्री आठ वाजता, महापेच्या त्या अर्धे दिवे मालवलेल्या मजल्यावर, खांद्याला पर्स अडकवून उभ्या-उभ्याच तुम्ही माझं गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, मार्गी लावलंत. त्यानंतर मॅडम म्हणायला जीभ वळेना.

ऑफिसचा सर्व्हर माझा पुश, म्हणजे वर पाठवलेला कोड, परत पाठवत होता. कारण एकच, कमिटवर, म्हणजे बदलांच्या नोंदीवर, घरचा ईमेल. खरं तर मी गिटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, डॉट गिटकॉन्फिगमध्ये, इन्क्लूड-इफ ही अट लावली होती, ‘काम’ फोल्डरमधल्या रेपोंना (प्रोजेक्टच्या फोल्डरांना) ऑफिसचा ईमेल आपोआप लागावा म्हणून. लागत नव्हता, आणि एररही नाही! गिट काढून पुन्हा टाकलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला. नारळ फोडायचा तेवढा राहिला होता.

तुम्ही ‘काम’ या शब्दाच्या शेवटी नखाने टकटक केलंत. तिथे स्लॅश नव्हता. तो असला की आतले सगळे फोल्डर धरले जातात. नसला तर आतल्या रेपोंना अट जुळतच नाही, आणि गिट चकार शब्द न काढता पुढे जातं.

स्लॅश टाकला. तरी घरचाच ईमेल. मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही म्हणालात, “अरे, येतोय कुठून ते तरी विचार त्याला.” मग शो-ओरिजिन (सेटिंग कुठल्या फाइलमधून आलं ते सांगणारं) आणि गेट-ऑल (सगळ्या नोंदी दाखवणारं) लावून युजर डॉट ईमेल, म्हणजे ईमेलचं सेटिंग, विचारायला लावलंत. दोन ओळी आल्या, दोन्हींपुढे आपापल्या फाइलचं नाव. वर ऑफिसचा, खाली घरचा. माझं इन्क्लूड-इफ होतं फाइलच्या डोक्यावर आणि घरचा ईमेल असलेला युजरचा भाग त्याच्या खाली. “सोसायटीच्या मीटिंगसारखं आहे हे, शेवटी बोलेल त्याचं खरं,” असं म्हणून तुम्ही हसलात.

इन्क्लूड-इफ तळाला नेलं, रीसेट-ऑथर लावून जुन्या तीन कमिटवरचा ईमेल सुधारला, पुश गेला. शो-ओरिजिन गिटमध्ये २०१६ पासून आहे. मी २०१९ पासून गिट वापरतोय, आणि ही सोय मला परवा कळली!

तुमची नेहमीची ठाणे लोकल माझ्यापायी चुकली. घणसोली स्टेशनची रिक्षा पकडायला तुम्ही धावलात, त्या गडबडीत आभार मानायचे राहिलेच. मनापासून आभार, ताई.

आणि हो, तुमची छत्री माझ्या टेबलावर राहिली होती. ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

तुमचा,
मागच्या रांगेतला