मागचं पाखं बाकी आहे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "बाबा, घर कुठवर आलं?" फोनवर सांगून ते समजत नाही, म्हणून लिहायला बसलो. आपल्या जुन्या घराच्या या छोट्या प्रतिकृतीत छपराच्या समोरच्या पाख्यावर कवेलू चढले, मागचं पाखं बाकी आहे. हा तिसरा पावसाळा. तुझी आई म्हणते, खरं घर तर आबाजींनी एका उन्हाळ्यात उभं केलं होतं!

माप फुटाला इंच. चोवीस फुटांची आपली ओसरी टेबलावर दोन फूट भरते. तू मोबाईलवर दाखवलेलं इंग्लंडच्या मेरी राणीचं बाहुलीघरही याच मापाचं. १९२१ ते १९२४ या काळात बनलं, आणि आखणारा ल्युटेन्स, म्हणजे दिल्लीचं राष्ट्रपती भवन आखणाराच. तिथं नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते. आपल्या घरात नळच नव्हता, तेवढं माझं काम वाचलं.

वेळ खाल्ला तो कवेलूंनी. कुंभाराकडची माती वस्त्रगाळ करायची, पातळ लाटायची, पट्ट्या कापून पेन्सिलीवर वाकवायच्या. पेन्सिलीला राख लावली की माती चिकटत नाही, हे शंभरेक मोडल्यावर कळलं. वाळताना माती आटते, म्हणून पाऊण इंचाचा कवेलू हवा तर थोडा मोठाच कापावा लागतो. पहिला घाणा सावलीत पुरता न वाळवता चुलीत घातला, तर लाह्यांसारखा फुटला. आई दोन दिवस हसत होती.

लाकूड मात्र जुन्या घराचंच. स्लॅब टाकायला घर पाडलं तेव्हा एक मयाल गोठ्यात ठेवली होती, तीच चिरतो आहे. पण सगळं बारा पटीनं लहान होतं, सागवानाचे रेषे होत नाहीत. साडेपाच इंची दारावर ते दोरखंडासारखे दिसतात. बारीक रेषांचा तुकडा शोधता शोधता अर्धी मयाल संपली. कुडाचंही तसंच. तुराट्या कुठून बसणार? फुलझाडूच्या काड्या लावल्या आणि वरून गाळलेलं शेण-माती लिंपलं. न गाळलेल्या शेणातली काडी भिंतीत बल्लीएवढी दिसते.

तान्ह्या पोळ्याचा तुझा लाकडी बैल अंगणात उभा करून पाहिला. घरापेक्षा बैलच मोठा! तो खिडकीत ठेवला आहे.

आता अडलं ते चुलीजवळच्या देवळीपाशी. आई म्हणते चुलीच्या डाव्या हाताला होती, काका म्हणतो उजव्या. मला दिवा आठवतो, हात आठवत नाही. तू तिथं चिंचोके लपवायचीस. चुलीकडं तोंड करून बसलीस की ते कोणत्या हातानं काढायचीस, तेवढं आजच कळव. भिंतीवर ओलं फडकं टाकून ठेवलं आहे.

तुझे,
बाबा