आई, तुझंही कार्ड हवं

युट्रेक्ट, नेदरलँड्स, रविवार

प्रिय आई-बाबा,
सा. न.

व्हिसा आल्याचं कळल्यापासून घर आवरायला घेतलंय. बाबा, तुम्ही पाठवलेली बातमी वाचली. आयफेल टॉवरच्या तिकिटाला २०२४ पासून आपलं यूपीआय चालतं, हे खरंच आहे. पण इथल्या भाजीवाल्याकडे, ट्राममध्ये ते चालणार नाही, म्हणून कार्डांचं आत्ताच बघू.

आई, "ह्यांचं आहे की" म्हणू नकोस. इथे ट्रेनला, ट्रामला चढताना यंत्राला कार्ड टेकवायचं आणि उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं, मग तेवढ्या प्रवासाचे पैसे कापले जातात. एका कार्डावर एकच माणूस. टेकवताना पाकिटातून बाहेर काढ, नाहीतर शेजारचं कार्ड वाचलं जातं. चढताना एक आणि उतरताना दुसरं झालं, तर दोन्हींवर भुर्दंड.

कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचंच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो. ॲपमध्ये तो सुरू करावा लागतो, आणि टॅपचं, म्हणजे नुसतं टेकवून पैसे देण्याचं, बटण वेगळं. दोन्ही बघा. पन्नास युरोपर्यंत नुसतं टेकवून भागतं, त्यापुढे पिन लागतो. कधी मध्येच यंत्र कार्ड आत घालायला सांगेल, घाबरू नका. पिन मात्र पाठ हवा. आई, तू तो डायरीच्या शेवटच्या पानावर लिहितेस, ते पान फाडून टाक.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे देताना यंत्रावर कधी दोन आकडे येतात, एक युरोत, एक रुपयांत. रुपये ओळखीचे वाटतात. इथे आले त्या वर्षी पॅरिसमधल्या एका हॉटेलात माझ्याकडे आपलं भारतातलंच कार्ड होतं. वेटर यंत्र हातात धरून उभा होता, मागे लोक ताटकळत होते, आणि मी रुपयांवर बोट ठेवलं. बँकेच्या दरापेक्षा कितीतरी महाग पडलं, कारण तो दर यंत्रवाल्याने ठरवलेला असतो. नेहमी युरोच निवडा. एटीएमवरही "तुमच्या चलनात करू का?" विचारलं तर नाही म्हणा. वेटरने तुमच्यासाठी बटण दाबू नये. यंत्र हातात मागून घ्या, त्यात काही उद्धटपणा नाही.

थोडी रोख असू द्या. कलोनला जाऊ तेव्हा लागेल, जर्मनीत अजून कितीतरी छोट्या दुकानांत रोखच घेतात. दहा-वीसच्या नोटा बऱ्या.

मंगळवार-बुधवार मला ऑफिस आहे. ते दोन दिवस तुम्ही घरात बसून माझी वाट बघावी असं मला अजिबात वाटत नाही. बाबांना कालव्याकाठी फिरायचंय, आईला शनिवारचा फुलांचा बाजार बघायचाय, आणि प्रत्येक वेळी पैसे द्यायला मी शेजारी असायला हवी असं का? आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब सांभाळलेत तुम्ही.

शनिवारी रात्री साडेनऊला, तुमच्या वेळेने, व्हिडिओ कॉल करते. दोघं आपापलं कार्ड समोर घेऊन बसा. बाबा, चष्मा जवळ ठेवा.

तुमची,
छकुली