सिल्वर मॉलच्या कॉम्प्युटर बाजारात जायच्या आधी माझी यादी खोडून टाकणाऱ्या पोराला

अरे, "नाव नका लिहू हं काकू" असं बजावलंस म्हणून लिहीत नाही, पण रामबागेत आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा, सदा हेडफोन अडकवून फिरणारा मुलगा म्हटलं की अर्ध्या गल्लीला कळणारच. तोंडावर थँक्यू म्हटलं की तू "काय काकू तुम्ही पण" म्हणत जिना चढून पळतोस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय लग्नाच्या-मुंजीच्या पत्रिका, गणपती मंडळांचे अहवाल असलं डीटीपी (कॉम्प्युटरवर पानं मांडायचं काम) घरून करणाऱ्या माझ्यासारख्या अजून काही जणी आहेत इंदुरात, त्यांचेही कॉम्प्युटर आता दमलेत, त्यांच्या कामी येईल.

दुकानातनं आणलेलं नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन तुझ्या हातात दिलं तेव्हा त्यात आय-फाइव्ह प्रोसेसर होता, वेगळं ग्राफिक कार्ड होतं, काचेचं कॅबिनेट आणि रंगीत लाइटवाले पंखे होते, फक्त माझं पंचवीस हजाराचं बजेट त्यात कुठंच नव्हतं. मला वाटलं तू त्याचीच स्वस्तातली यादी करून देशील. तू विचारलंस, "दिवसभर काय काय उघडं असतं तुमचं?" आणि स्टूल ओढून बाजूला बसून मी काम करताना नुसतं बघत राहिलास. कोरल, फोटोशॉप, ब्राउझरात व्हॉट्सॲप, बस. मग टास्क मॅनेजर उघडून दाखवलंस की प्रोसेसर बिचारा निवांत आहे, डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलीय आणि ४ जीबी रॅम काठोकाठ भरलीय. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलंस तर हार्ड डिस्कवर पिवळा इशारा, सेक्टर खराब व्हायला लागलेले. पार्ट्सचं बोलणं तिथंच थांबवून आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्यायला लावल्यास, त्यात माझं कित्येक वर्षांचं काम होतं रे, बाकी काहीच केलं नसतंस तरी एवढ्यासाठी हे पत्र लिहिलंच असतं.

मी म्हटलं मग नुसती एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकू ना, तर तू खरं ते सांगितलंस की हो, तेवढ्यानंही बराच फरक पडेल, पण मशीन चौथ्या जनरेशनचं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. वर त्यातली जुन्या प्रकारची डीडीआर३ रॅम नव्या मदरबोर्डावर बसतच नाही, म्हणजे तिच्यावर आता खर्च करणं फुकट. हे पटलं.

मग प्रोसेसर ठरला एएमडीचा रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, ग्राफिक आतच, कूलरही डब्यात, म्हणजे कार्डाचा पूर्ण खर्च वाचला. तू चिठ्ठीवर 'जी' ला लाल गोल केला होतास तो का ते दुकानात कळलं, कारण तिथला माणूस साधा ५६०० पुढे करून "मॅडम, वही है, और तेज़ है" म्हणाला. तेज असेलही, पण त्यात ग्राफिक नाही, वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही! इंटेलमध्ये आय-थ्री १२१००एफ चंही तसंच, तो 'एफ' दिसला की समजायचं कार्डाचा खर्च वेगळा. आणि डबाबंदच घ्या, ट्रेमधला सुटा नको, डब्यावर तीन वर्षांची वॉरंटी मिळते, हेही चिठ्ठीत होतंच.

मदरबोर्ड ए५२० चा, साधा, पण डब्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' स्टिकर बघून, कारण हे बोर्ड २०२० पासूनचे, जुना बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) असलेला पडून राहिलेला माल हाती आला तर प्रोसेसर ओळखतच नाही. आणि मागे व्हीजीए पोर्ट हवा, म्हणजे माझा जुना मॉनिटर चालेल. हे तुला सुचलं, मला दहा जन्मात सुचलं नसतं.

रॅमवरून आपलं वाजलं. मी म्हणत होते १६ जीबीची एकच काडी घेऊ, दोनच स्लॉट आहेत, एक पुढच्यासाठी राहील. तू म्हणालास नाही, आठ-आठच्या दोन, आतल्या ग्राफिकला वेगळी मेमरी नसते, ते हीच रॅम वापरतं, आणि एक काडी म्हणजे टाकीला दोनाऐवजी एकच नळ. माझ्या पत्रिकांना त्यानं काय मोठा फरक पडला असता असं मला अजूनही वाटतं, पण तुझं ऐकलं. त्यात एआयच्या डेटा सेंटरांपायी रॅमचे भाव असे भडकलेले की तूच म्हणालास डीडीआर४ सेकंडहँड घ्या, रॅम सहसा खराब होत नाही, आणि रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची तपासणी लावून ठेवलीस. शिवाय बायोसमध्ये जाऊन ती ३२०० वर केलीस, नाहीतर कमी स्पीडवरच चालत राहिली असती आणि मला कळलंही नसतं.

एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मात्र सेकंडहँड घेऊ दिला नाहीस. जुन्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं, तू खालची बारीक अक्षरं वाचायला लावलीस, १२ व्होल्टच्या लाइनवर १४ अँपिअर, गुणाकार करा काकू, १६८. बाकीचे वॉट गेले कुठे! प्रोसेसर आणि ग्राफिक दोघांचं पोट त्याच लाइनवर भरतं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट येते-जाते, त्यात असला डबा नवीन बोर्डाला कधी घेऊन बसेल सांगता येत नाही म्हणालास. कोटेशनवाल्यानं नेमका हाच जुना ठेवून पैसे पंख्यांवर लावले होते, यावरनं काय ते समजा. चांगला ८० प्लस ब्राँझ, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, घेतला, कॅबिनेट जुनंच, पत्र्याचं, आणि ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. बिल जीएसटीचं, सीरियल नंबरासकट. सगळं बजेटमध्ये बसलं, थोडे उरलेही.

श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं डाँगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची किल्ली, चालेल की नाही ही माझी खरी धास्ती होती, तेही पहिल्या फटक्यात चाललं. आता फाइल उघडायला लावून चहा टाकायला जायची सोय राहिली नाही, ही तेवढी तक्रार.

पैसे घेत नाहीस, ठीक आहे. पण तुझ्या ताईचं लग्न ठरलंय असं तुझी आई फोनवर म्हणाली, तर पत्रिका माझ्याकडूनच होणार, छपाईसकट. मजकूर पाठव लवकर, आणि आजोळकडची नावं आधी आजीकडून तपासून घे, नंतर "काकू, एक नाव राहिलं" म्हणत येशील तर खबरदार.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू